पाचला दहा कमी

"घड्याळ लावू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "घड्याळ लावलं की मला ह्यांची आठवण येते."

व्यायाम घेणाऱ्या बाईंचा अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर होता, तो तसाच राहिला. तीन मीटरवर जमिनीला निळी चिकटपट्टी लावलेली होती. खुर्चीतून उठायचं, वॉकर धरून पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. एवढंच. खुब्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि बारा दिवसांत सासूबाई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. सकाळीच डॉक्टरांनी सुनेला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की हाड छान बसलंय, प्रश्न हाडाचा नाहीच. पण या वयात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माणूस उठला नाही, तर मग तो उठायचं विसरतो. "मनावर घ्यायला लावा त्यांना," ते म्हणाले होते, आणि तिने मान डोलावली होती. सासूबाईंना काही मनावर घ्यायला लावणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कुठून माहीत असणार.

ती खुर्चीमागे टॉवेल घेऊन उभी होती. ते वाक्य ऐकलं आणि अंधाऱ्या जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. घड्याळावरून कुणाची आठवण यायची तर ती तिची यायला हवी होती. तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ती घड्याळावर जगली होती. आठशे मीटर, दोन फेऱ्या, दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. आणि त्या वरच्या काही सेकंदांसाठी बाकीचं सगळं, झोप, जेवण, मैत्रिणी, पावसाळे. त्यातली पाच-सहा वर्षं ते घड्याळ सासूबाईंच्याच हातात होतं. बाबांचा त्यात काय संबंध? सासरे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्याला दिसणार नाही अशी चूक त्यांना लांबून दिसायची, पण सुनेची शर्यत त्यांना बघवायची नाही. लग्नानंतर एकदाच मैदानावर आले, आणि बंदूक वाजायच्या आधीच उठून गेले. शर्यत संपल्यावर ती शोधत बाहेर आली तर हे भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारतायत, घामाघूम. "आत ओरडा झाला की वाटायचं, पडलीस," ते म्हणाले. तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती. घरी परत येईपर्यंत ते तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते, ती अख्खी आहे ना याची खात्री करत असल्यासारखे.

"बरं, नाही लावत घड्याळ," बाई म्हणाल्या आणि स्टॉपवॉच खिशात टाकलं. "नुसत्या उठा, आजी."

"उद्या बघू."

"काल पण उद्याच म्हणालात."

"मग मी शब्दाची पक्की आहे की नाही?"

बाई हसल्या. अर्ध्या तासाने येते म्हणाल्या आणि शेजारच्या वॉर्डात गेल्या. खोलीत दोन पलंग होते, दुसरा सकाळीच रिकामा झाला होता आणि त्याच्या गादीची गुंडाळी करून ठेवली होती. खिडकीतून खाली लावलेल्या गाड्यांच्या टपांवरचं ऊन दिसत होतं. तिने स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या पावलांना तेल लावायला घेतलं. सुजलेली पावलं, बोटांच्या मध्ये कोरडी पडलेली कातडी. स्वतःची पावलं तिने आयुष्यभर इतकी न्याहाळली होती, फोड, नखं, टाचेची शीर, की दुसऱ्या कुणाची पावलं हातात घेताना तिला नेहमी आपण काही खाजगी वाचतो आहोत असं वाटायचं. विचारावं का, असं तिच्या मनात आलं. विचारायचं राहून गेलेलं, म्हणजे तिने राहू दिलेलं, असं बरंच होतं.

तिच्या लग्नाच्या बोलण्यांत तिच्या आईने तिचं पळणं जवळजवळ झाकूनच ठेवलं होतं. "खेळांची थोडी आवड आहे," असं काहीतरी मोघम. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ तिलाच विचारलं, "आवड म्हणजे? किती पळतेस?" "दोन फेऱ्या," ती म्हणाली. "एवढ्याच?" त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं, रोज एवढी शिकवणी घेऊन पोरगी दोनच फेऱ्या पळते म्हणजे काय. तिला हसू आवरेना. तिचे सर म्हणायचे, शंभर मीटरला पाय लागतात, दहा हजारला धीर लागतो, आठशेला दोन्ही लागतं आणि दोन्ही कमी पडतं. हे तिने सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हे संसारासारखंच आहे की," आणि लग्न ठरलं. पहिल्या शर्यतीला त्या डबा घेऊन आल्या, दुसऱ्या शर्यतीला वही. तिला मैदानावर सगळे 'शेपूट' म्हणायचे, कारण पहिली फेरी ती मुद्दाम सगळ्यांच्या मागे काढायची आणि घंटा वाजली की एकेकीला गाठत सुटायची. ते नाव सासूबाईंना अजिबात आवडायचं नाही. "मागे राहायचं ते राहा, पण एवढं? माझा जीव वर येतो." मुलगी झाली, चार महिन्यांची झाली, आणि एका सकाळी सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुझे बूट कुठे ठेवलेस?" तिला वाटलं अडगळ आवरतायत. तर त्या लेसा धुवायला मागत होत्या. मग रोज सकाळी बाळाची गाडी ढकलत त्या मैदानावर यायच्या, रोलरच्या शेजारी बसायच्या. एका हाताने गाडी हलवायची आणि दुसऱ्या हातात घड्याळ. वर्षभरात त्यांना सगळं कळायला लागलं. "चौथ्यांदा पळताना तिचा डावा खांदा वर चढतो," असं त्यांनी सरांना सांगितलं, आणि सर, जे कुणाचं ऐकायचे नाहीत, त्यांनी बघितलं तर खरंच चढत होता. बाळंतपणाआधी ती दोन मिनिटं नऊ सेकंदांत पळायची. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी दोन मिनिटं सहा. त्या तीन सेकंदांत आपला वाटा किती आणि सासूबाईंचा किती, हे तिला कधीच सांगता आलं नसतं.

आणि मग ती शर्यत. सत्ताविसाव्या वर्षी, लांबच्या शहरात, पहिल्या दोघी परदेशात जाणार. आयुष्यात तिला मिळालेली ती एकच खरी संधी. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मी नाही येत या खेपेला. पोरीला सर्दी झालीय." सर्दी होती, नाही असं नाही. पण एवढ्या वर्षांत त्या सर्दीपडशासाठी कधी थांबल्या नव्हत्या. ती थोडी रुसूनच गाडीत बसली. बाबा दारापर्यंत आले होते, पोटावर हात ठेवून. काल रात्रीपासून पित्त झालंय म्हणाले. शर्यत तिसऱ्या दिवशी होती, दुपारी चार पन्नासला. ती तिसरी आली. दुसरीच्या आणि तिच्यामध्ये एका सेकंदाचा पाचवा भाग होता, म्हणजे एक पाऊल. गवतावर पालथी पडून ती श्वास शोधत होती, मग कधीतरी कपडे बदलले, कधीतरी सर येऊन नुसतेच शेजारी बसले, आणि सव्वासहाला त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला. नवरा होता. बाबा गेले, म्हणाला. पाचच्या सुमारास. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. ती पोचली तेव्हा दुसरी सकाळ उजाडली होती आणि सगळं उरकलेलं होतं. घरात माणसं भरलेली, तिच्या खांद्यावर अजून ती खेळाची पिशवी. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच तिने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझी शर्यत होती." एवढंच त्या म्हणाल्या. पुढे कधीही, पंधरा वर्षांत एकदाही, शर्यत कशी झाली हे त्यांनी विचारलं नाही.

वाईट वागलं असं कुणीच नाही. घर चाललं, मुलगी मोठी झाली, पळण्यावर मिळालेली पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी तिने मन लावून केली. शहरभरातून आलेल्या बाटल्या, प्रत्येक बाटलीत तेच रंगहीन पाणी, औषधाचा थेंब टाकला की कुठे गुलाबी होणार, कुठे नाही होणार. पण त्या दिवसानंतर ती दोन वर्षं पळली ती नुसती पायांनी. सहाशे मीटरला, जिथून तिची खरी शर्यत सुरू व्हायची, तिथे नेमकं मनात यायचं, आता या क्षणी घरी काय चाललं असेल आणि ते मला सांगत नसतील? घरून फोन आला की धास्ती, नाही आला की जास्त धास्ती. शेवटी टाचेची शीर दुखावली तेव्हा तिला चक्क सुटल्यासारखं झालं. सगळ्यांना तिने टाचेचंच कारण सांगितलं. खरं कारण तिला स्वतःलाही नीट मांडता यायचं नाही: की या घराने मला सून न धरता शर्यत धरलं, आणि शर्यत धरलं ते धरलं, ती तरी मी जिंकायला हवी होती.

"बाबांची आठवण का येते?" तिने विचारलं. पावलाकडे बघतच. "घड्याळावरून?"

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांना मी शर्यत सांगितली होती."

"कुठली?"

"तीच गं. तुझी. दुसरी कुठली?"

तिचे तेलाचे हात थांबले.

"तुझा नवरा औषध आणायला खाली गेला होता," सासूबाई म्हणाल्या. "साडेचारच्या सुमारास ह्यांनी डोळे उघडले. शुद्धीवर होते, चांगले. म्हणाले, सुनेला बोलव. मला तिच्याशी बोलायचंय. आता बघ, मी सगळ्यांना सांगू शकले असते, की ह्यांनीच सांगू नका म्हणून बजावलं होतं. लोकांना बरं वाटलं असतं. तुलाही वाटलं असतं. पण तसं नव्हतं. ते बोलव म्हणाले होते. मी नाही बोलावलं. मी म्हटलं, पाचला दहा कमी असताना तिची शर्यत आहे, ती झाली की लावते फोन. तर म्हणाले, बरं."

"बरं म्हणाले?"

"बरंच म्हणाले. तुला माहीत आहेत ना ते. मग समोरच्या घड्याळाकडे बघत बसले. पाचला दहा कमी झाले, तर माझा हात धरला आणि म्हणाले, सुरू झाली? आता काय सांगू मी? म्हटलं, हो, सुटल्या. म्हणाले, ही कुठाय? म्हटलं, कुठे असणार, मागे."

ती हसली.

"मला तुझी शर्यत पाठ होती गं. कुठल्या सेकंदाला तू कुठे असतेस, सगळं. काट्याकडे बघत बघत सांगत गेले. आता वळण. आता सरळ. आता घंटा वाजली. ते डोळे मिटून पडलेले, आणि हात असा घट्ट, नखं रुतली माझ्या हातात. आयुष्यात शर्यत बघितली नाही त्या माणसाने, पण ती तेवढी ऐकली. पळाले नाहीत. पळता येणारही नव्हतं म्हणा. मी म्हटलं, आता सुटली बघा, एकीला टाकलं, दुसरीला टाकलं, बाहेरून जातेय..."

"आणि?"

"आणि काय. जिंकलीस."

"जिंकवलंत मला?"

"मग? माझ्या तोंडाने हरवू होय तुला?"

बाहेरच्या पॅसेजमधून कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने चष्मा.

"म्हटलं, आता लावते फोन. तर म्हणाले, लगेच नको. दमली असेल ती. आधी जरा पाणी पिऊ दे तिला." सासूबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हणून मी थांबले. तू पाणी पीत असशील म्हणून थांबले. आणि तेवढ्यात ते गेले."

तिला काही दिसेना. गादीची गुंडाळी, खिडकी, निळी पट्टी, सगळं पाण्यात पडल्यासारखं. पंधरा वर्षं तिच्या मनात त्या दुपारचं एक चित्र होतं: बंद दार, आणि दारापलीकडे हे दोघं, तिला वगळून. आणि आता दार उघडलं तर आत तीच होती. अख्खी शर्यतभर ती त्या खोलीत होती, त्या दोघांच्या हातांच्या मध्ये. पाणी प्यायल्याचं तिला आठवत होतं. सरांनी बाटली दिली होती, अर्धं पाणी तिने डोक्यावर ओतलं होतं. त्या वेळी ते असतील का अजून? की नुकतेच?

आणि मग, हे ऐकून झाल्यावर, हलकं वाटायला हवं तर तसं वाटेना. उलट खालून काहीतरी वर येत होतं, फार जुनं, तळाशी दाबून ठेवलेलं, आणि ते काय आहे हे तिला पुरेपूर माहीत होतं. सासूबाईंनी स्वतःच्या बाजूचं सगळं काढून ठेवलं होतं, एक शब्दही सोयीचा न करता. आता गप्प बसणं म्हणजे चोरी झाली असती.

"आई," ती म्हणाली, "मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"त्या दिवशी सकाळी आठला तुमच्या मुलाचा फोन आला होता. मी विचारलं, सगळं ठीक ना? तो हो हो म्हणाला. पण त्याच्या मागे आवाज आला, बाईचा. अठरा नंबरचे नातेवाईक कोण आहेत, म्हणून. आणि घंटी वाजली. हॉस्पिटलची घंटी मला कळत नाही का? बाळंतपणात आठ दिवस काढले होते मी तिथे." तिचे हात अजून त्यांच्या पावलावरच होते, ते काढले तर पुढचं बोलता येणार नाही असं तिला वाटलं. "मी विचारायला हवं होतं, तू कुठून बोलतोयस. एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर निघावं लागलं असतं. म्हणून मी म्हटलं, आईंना सांग नव्या लेसा घातल्यात, आणि फोन ठेवला. शर्यत संपेपर्यंत मी ते डोक्यात येऊच दिलं नाही. आणि नंतर तुमच्यावर रागावले. इतकी वर्षं. सोपं होतं ते."

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सरांना नाही. स्वतःला सांगितलं होतं तेही अर्धंच. बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. आता सासूबाई पाय ओढून घेतील असं तिला वाटलं, आणि घेतला असता तर ते बरोबरच होतं.

सासूबाईंनी पाय ओढून घेतला नाही. त्या पुढे वाकल्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढ्या वाकल्या, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत बोटं घालून जरा हलवलं, लहान मुलीला करतात तसं.

"विचारलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मी खोटं बोलले असते. त्याच्या हातून फोन घेऊन बोलले असते. काय समजलीस? तू निघणार नव्हतीसच. मी निघू दिलं नसतं तुला."

तिने टॉवेलने त्यांच्या पावलावरचं तेल टिपून काढलं.

"राग आहे का अजून?" सासूबाईंनी विचारलं.

तिने प्रामाणिकपणे आत बघितलं. "थोडा."

"असू दे थोडा," सासूबाई म्हणाल्या. "मलाही आहे. माझ्यावरच." मग नाक ओढून, एकदम वेगळ्या, मैदानावरच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आता खरी सांग. कशी झाली?"

"तिसरी आले. तुम्हाला माहीत आहे."

"ते माहीत आहे. कशी झाली ते विचारतेय."

तिने सांगितली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती शर्यत तिने तोंडाने उच्चारली, आणि आश्चर्य म्हणजे ती सगळी शाबूत होती: धावपट्टीच्या रबराचा तापलेला वास, पुढच्या मुलीच्या पाठीवरची सुटत आलेली नंबराची पिन, घंटेनंतर अंगात भरलेलं ते निखळ सुख, जे तिने नंतर लाजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच वेळी बाबा तिकडे तसे होते. शेवटच्या वळणावर दोघींच्या मधून वाट मिळेल असं तिला वाटलं, म्हणून ती आत शिरली, आणि वाट बंद झाली. तीन पावलं अडकली. मग बाहेर पडून पळाली, पण सरळ रस्ता संपला.

"आत कशाला शिरलीस?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "मी बाहेरून काढलं होतं तुला!"

"तुम्ही नव्हतात ना तिथे," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की त्या दिवसाबद्दल आपल्याला एवढंच म्हणायचं होतं.

सासूबाईंनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले. दारातून बाई परत आत येत होत्या, काहीतरी बोलणार होत्या, पण आतलं बघून तिथेच थांबल्या.

"उठव मला," सासूबाई म्हणाल्या. "ते लोखंडाचं नको. तू धर."

बाईंनी जरा विचार केला, मग मान हलवली आणि दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, हात न लावता. तिने सासूबाईंच्या काखेखाली हात घातला. त्या उठल्या. कळ आली ती त्यांच्या ओठांवर दिसली, पण बसल्या नाहीत. पहिलं पाऊल सरपटत गेलं. दुसऱ्याला थोडा वेळ लागला. ती त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागली, आणि तिला समजलं की हे आपल्याला येत नाही. इतकं सावकाश जायला तिच्या पायांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. सासूबाईंचं पाऊल पडेपर्यंत आपलं हवेत धरून ठेवायचं, आणि मग टेकवायचं. निळी पट्टी आली. ती त्यांनी बघितलीही नाही. दाराशी पोचल्यावर दम लागला म्हणून त्या थांबल्या. सबंध अंग थरथरत होतं, आणि तरी त्या स्वतःला ताठ सावरून धरत होत्या, सुनेच्या हाताला नुसता हात लावून, ओझं होऊ नये अशा बेताने.

"टाका भार," ती म्हणाली.

"पेलेल का तुला?"

"टाका हो."

तेव्हा सासूबाईंनी श्वास सोडला, आणि त्यांचं सगळं वजन तिच्या खांद्यावर आलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळच जास्त होतं.